बारा मिनिटांचा केक

केक चुकून आतून कच्चा राहिला तर त्याला फसलेला केक म्हणतात आणि मुद्दाम ठेवला तर त्याला मोठ्या हॉटेलातला केक म्हणतात, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर मी सर्व कच्च्या गोष्टींच्या विरोधात होतो. माझी नोकरीच तशी. मी वजनं-मापं तपासणारा निरीक्षक. दुकानातले काटे, दुधाची मापं, कापडाच्या मीटरपट्ट्या माझ्या हाताखालून जातात आणि बरोबर निघाल्या तर त्यांच्यावर माझा शिक्का बसतो. सव्वीस वर्षांत मी एका ग्रॅमलाही 'चालतंय' म्हटलेलं नाही. नुसती भाजी आणायला गेलो तरी भाजीवाली आधी तागडी पुसते आणि मग माझ्याकडे बघून हसते. हा आदर आहे असं मी समजतो. बायको म्हणते, तसं नाहीये ते.

अशा माणसाच्या घरात एकही घड्याळ बरोबर नाही, हे आत्ताच कबूल करून टाकतो. बंद नाहीत, पुढे आहेत. बाहेरच्या खोलीतलं दहा मिनिटं पुढे आहे, म्हणजे मला कचेरीला उशीर होऊ नये. स्वयंपाकघरातलं पाच मिनिटं पुढे आहे, म्हणजे दूध उतू जाऊ नये. घड्याळाचा आणि दुधाचा संबंध काय, हे मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं, पुन्हा विचारलं नाही. लेकीच्या खोलीतलं किती पुढे आहे हे तिचं तिला माहीत. आम्ही सगळे दिवसभर मनातल्या मनात वजाबाक्या करत घरभर हिंडतो आणि आमचं बरं चाललेलं असतं. मुळात आमच्या घराचा स्वभावच असा, की कुठल्याही गोष्टीला वर दोन मिनिटं द्यायची. बटाटे शिजले? असू दे, अजून दोन मिनिटं. कुलूप लावलं की ओढून बघायचं, आणि जिना उतरून झाला की वर जाऊन पुन्हा ओढून बघायचं. आमच्या घरात काही करपलं असेल. कच्चं कधी राहिलेलं नाही.

या घरात आठ महिन्यांपूर्वी अक्का राहायला आली.

अक्का माझी थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. तिला ओळी सुचतात. कविता म्हटलेलं तिला खपत नाही. कविता कागदावर करतात, मी तोंडाने करते, असं तिचं म्हणणं. नळाला पाणी आलं की नळावर ओळ, दाराची कडी अडकली की कडीवर ओळ. मी स्कूटर घेतली तेव्हा ती गॅलरीत उभी होती. मी किका मारून घामाघूम झालो होतो आणि वरून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं आलं,

माझ्या भावाची ही गाडी, रोज खाते लाथा चार,
तेव्हा कुठे कचेरीला राणी होते ही तयार.

आजूबाजूच्या खिडक्या हसल्या. माझा अपमान झाला. पण गंमत अशी, की त्या दिवसापासून चौथी लाथ मारताना मला त्या गाडीचा राग यायचा बंद झाला. अक्काची ओळ ज्या वस्तूवर बसेल ती वस्तू घरचीच होऊन जाई. भावोजी घोरायचे, त्याच्यावरही होती.

निजेत चाले ही गाडी, नाकातून सोडी धूर,
बिनतिकिटाची बाई रोज जाते दूरदूर.

हे ती भावोजींच्या देखत म्हणायची आणि भावोजी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून, कागद हलेल इतके हसायचे.

भावोजी दवाखान्यातच वारले, त्या क्षणी अक्का बाटलीत पाणी भरायला वऱ्हांड्याच्या टोकाला गेली होती. दोनच मिनिटं. ती परत आली तेव्हा गाडी निघून गेली होती. त्यानंतर ती एक बॅग घेऊन आमच्याकडे आली, जिना चढली ती पुन्हा उतरली नाही, आणि ओळ म्हणून एकही तिच्या तोंडून निघाली नाही. ती रडलीही नाही. मटार सोलायची, कपड्यांच्या घड्या करायची, विचारलं तर 'बरं आहे' म्हणायची. माझ्या बायकोने दुधाचं भांडं मुद्दाम उतू घालून बघितलं. अक्काने फडकं घेऊन ओटा पुसला. नळ गळका ठेवून बघितला. तिने खाली वाटी ठेवली.

आणि मग एका दुपारी लेक फोनमध्ये काहीतरी बघत अक्काच्या शेजारी येऊन बसली. "आत्या, हे बघ."

फोनमध्ये एक पांढरी बशी होती. बशीत मुठीएवढा काळसर केक. कुणीतरी चमच्याने त्याची कड मोडली, आणि आतून चॉकलेट आलं. सांडलं नाही, ओघळलं नाही, आलं. जसं एखादं माणूस बराच वेळ दाराआड उभं असावं आणि दार उघडताच सावकाश बाहेर यावं, तसं. अक्काच्या हातातली मटाराची शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. लेकीने पुन्हा लावलं. असं सात वेळा झालं. मी दारात उभा राहून मोजलं. मोजणं हा माझा धंदाच आहे. सातव्या वेळी अक्का अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली,

"वरूनी दिसे शहाणा, कसा कोरडा कोरडा…"

बायको स्वयंपाकघरातून ओला हात तसाच घेऊन आली.

"पुढे, आत्या?"

"पुढे काही नाही," अक्का म्हणाली. "फोनातलं ते. आत खरंच काय आहे, कोण बघायला गेलंय. मटार सोल."

अर्धी ओळ घरात तशीच लटकत राहिली, दोरीवर एका चिमट्याला अडकलेल्या ओल्या पंच्यासारखी. दुसरा चिमटा लावल्याशिवाय मला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून येताना शहरातल्या मोठ्या हॉटेलातून तसला एक केक बांधून आणला. डबा दोन पायांच्या मध्ये धरून, खड्डे चुकवत, पोटुशी बाई न्यावी तशी स्कूटर आणली. घरी डबा उघडला. केक थंड झाला होता आणि आतलं चॉकलेट वाटेतच गोठलं होतं. अक्काने चमच्याने कड मोडली. आतून काही आलं नाही.

"बरं आहे," अक्का म्हणाली.

तेव्हा लेकीने समजावून सांगितलं, की हा केक भट्टीतून काढल्यावर मिनिटभरात फोडायचा असतो. तो दुसरीकडून आणता येत नाही. तो जिथे खायचा तिथेच व्हावा लागतो. अक्का तर जिना उतरत नव्हती. मग केकालाच आमच्या स्वयंपाकघरात जन्म घेणं भाग होतं.

"त्यात काय आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलं आहे, तेव्हा तेव्हा बायकोने डोक्याला हात लावला आहे. याही वेळी लावला.

आमच्याकडे ओव्हन नव्हता. तो तळमजल्यावरच्या बॉयलरकाकांकडे होता. काकांनी चाळीस वर्षं एका कारखान्यात बॉयलर सांभाळला. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना प्रेमाने ओव्हन दिला. ज्या माणसाने उभी हयात तीन मजली आगीशी बोलण्यात घालवली त्याला ही पेटी बघून काय वाटलं असेल, ते मी कल्पनेनेच जाणतो. अकरा वर्षं तो प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट माळ्यावर होता. काकांनी तो स्वतः उचलून वर आणला, ओट्यावर ठेवला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जीव लहान आहे, पण आग ती आगच. मी हजर राहणार." त्यांना नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ओव्हनच्या मागे त्याची ताकद लिहिलेली होती, आणि तिथेच सोसायटीचे सेक्रेटरीसाहेब आडवे आले. गेल्या वर्षी इमारतीच्या वायरी जळाल्यापासून एक नियम झाला आहे, की अमुक एका आकड्यापेक्षा जास्त वीज खाणारं उपकरण लावायचं तर सेक्रेटरीसाहेबांचा लेखी परवाना हवा. मी जन्मभर लोकांकडून अर्ज घेत आलो. अर्ज देताना माणसाची मान किती अंशांनी वाकते, हे प्रथमच मोजलं.

सेक्रेटरीसाहेबांनी अर्ज टेबलावर सपाट केला. "उपकरणाचा हेतू, केक," त्यांनी वाचलं. "कसला केक?"

"बाहेरून भाजलेला. आतून पातळ."

"म्हणजे अर्धवट."

"नाही, पूर्णच."

"आतून पातळ असताना पूर्ण?" त्यांनी चष्मा काढला. "मग तो झाला, हे कोण ठरवणार?"

सव्वीस वर्षं लोकांच्या वस्तू पूर्ण की अपूर्ण हे मीच ठरवत आलो होतो. पण या प्रश्नाला माझ्याकडे वजन नव्हतं.

शेवटी 'प्रायोगिक तत्त्वावर' तीन रविवार मंजूर झाले. वेळ चार ते पाच, त्या वेळात पाण्याचा पंप बंद. परवान्याची प्रत जिन्यातल्या फळ्यावर लागली आणि सगळ्या इमारतीला कळलं, की वजनंमापंवाले कच्चा केक करणार आहेत. त्या आठवड्यात मी जिना चढायला वीस मिनिटं घेऊ लागलो. पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, अस्तर आधी बेता, मग कापड. दुसऱ्या मजल्यावरच्या कंपाउंडरने मला बाजूला घेऊन विचारलं, की आतलं बाहेरून सिरिंजने भरलं तर नाही का चालणार. मी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मी तळाला मेण लावलेल्या वजनाकडे पाहतो.

पहिला रविवार उजाडला. मी सर्वांत आधी बायकोचा स्वयंपाकघरातला काटा तपासला. तो आठ ग्रॅम जास्त दाखवत होता. मी त्याला बाद ठरवला.

"बावीस वर्षं याच काट्यावरचं जेवताय," बायको म्हणाली. "अंगाला लागलंय ते काढून ठेवा आधी."

मी वजाबाकी केली. चॉकलेटचे तुकडे आणि लोणी उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात ठेवले. आता हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून सांगतो. चॉकलेट आधी काही करत नाही. हट्टी मुलासारखं कोपरे धरून बसतं. मग एका कोपऱ्याला चमक येते, आणि तो कोपरा उरत नाही. डोळ्यांदेखत एक कडक वस्तू आपला कडकपणा विसरते, आवाज न करता. मी पळी हातात धरून नुसता बघत राहिलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, आणि तीही बघत राहिली. अंडी आणि साखर फेसून त्यात गेली, वर दोन चमचे मैदा, आणि लोण्याचा हात फिरवलेल्या स्टीलच्या सहा वाट्यांत ती काळी मखमल उतरली. बारा मिनिटं. लेकीने तीनदा वाचून दाखवलं. बारा.

वाट्या आत ठेवल्या तेव्हा मी स्वयंपाकघरातलं घड्याळ पाहिलं. चार वीस. मग बाहेरच्या खोलीत येऊन अक्काच्या समोर बसलो, कारण तिला वेळेवर उठवून आणायचं होतं. बाहेरच्या घड्याळात चार बत्तीस झाले आणि मी गर्जना केली, "काढा."

वाट्या बशीत उलट्या केल्या. केक नव्हताच. सहा बश्यांत सहा तळी होती.

अक्का दारापर्यंत आली, तिने बघितलं. "पातळ झालं," ती समजुतीने म्हणाली. "होतं असं." आणि वळून गेली. तळं ती ओळीत घेणार नव्हती.

लेकीने कागदावर दोन रेघा मारून दाखवलं, की पाच मिनिटं पुढच्या घड्याळावर सुरू करून दहा मिनिटं पुढच्या घड्याळावर थांबलं तर बारा मिनिटांची सात होतात. वजनं-मापं निरीक्षकाला हे त्याच्या लेकीने सांगावं, तेही बॉयलरकाकांच्या देखत. काका म्हणाले, "आमच्या कारखान्यात असं झालं असतं तर आज मी नसतो," आणि एक तळं चमच्याने संपवलं.

दुसऱ्या रविवारी घड्याळाशी संबंधच ठेवला नाही. ओव्हनला चावीचा खटका होता. बारावर फिरवायचा, तो टिकटिकत मागे येतो आणि शून्यावर टिंग वाजून बंद होतो. मी सर्वांसमोर तो बारावर आणला. सगळ्यांनी पाहिलं. मग मी बश्या पुसायला गेलो, बायको चमचे शोधायला, काका पाणी प्यायला, असे सगळे आपापल्या कामाने स्वयंपाकघरातून आतबाहेर करत राहिलो. टिंग व्हायला फार वेळ लागतोय असं वाटत होतं. पण वाट बघताना वेळ लांबतोच, असं मी मनाला सांगितलं. टिंग झालं. वाट्या उलट्या केल्या. सहा केक टक, टक, टक असे बशीत पडले. त्या आवाजावरूनच मला कळलं. मी त्यातला एक हातात घेतला. त्याला मी पाच मिनिटांत शिक्का मारून दुकानदाराला वजन म्हणून दिला असता.

मी चौकशी बसवली. "खटका बाराच्या पुढे कुणी नेला?"

मग बायको ओट्याचा कोपरा पुसत म्हणाली, "मी फक्त दोन मिनिटं वाढवली. कच्चा राहिला असता तर वन्संच्या पोटात दुखलं असतं."

"मी दोन," बॉयलरकाका म्हणाले. "सेफ्टी."

लेकीने माझ्याकडे बोट दाखवलं. "बाबा, तुम्ही बशी पुसताना कोपराने काय केलं ते मी पाहिलंय."

मी नाकारू शकलो नाही. दोन मिनिटं माझीही होती.

"म्हणजे अठरा," लेक म्हणाली. "पण मी आत ठेवल्यापासून मोजलंय. वीस झाली."

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"दोन माझी," अक्का म्हणाली. "तुम्ही सगळे बाहेर होतात. मी येऊन फिरवला. मला वाटलं, एवढं करताहेत, कच्चं नको राहायला."

ते सहा दगड ओट्यावर तसेच पडून होते, आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ महिन्यांत अक्का कुणी न बोलावता, स्वतःहून, कशासाठी तरी उठून आली होती. मी केक हातात घेऊन उभा होतो आणि मला एकदम तो जगातला सर्वांत मऊ पदार्थ वाटला. पण त्या दगडावर ओळ बसणार नव्हती, आणि परवान्यातला एकच रविवार उरला होता.

तिसऱ्या रविवारी शिस्त अशी ठरली, की सर्वांनी ओव्हनसमोर खुर्च्या टाकून बसायचं आणि हात मांडीखाली ठेवायचे. बायको, काका, मी आणि लेक ओळीने बसलो. सेक्रेटरीसाहेब मीटर तपासायला म्हणून वर आले होते, त्यांनाही स्टूल दिलं आणि हात मांडीखाली घ्यायला लावले. अक्का मागे दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

खटका बारावर गेला. ओव्हनच्या काचेआड पिवळा दिवा लागला.

या आधी दोन रविवार आम्ही घड्याळं बघितली, खटके बघितले. आत कुणी बघितलंच नव्हतं. आता बघितलं. चौथ्या मिनिटाला वाट्यांतली काळी चकाकी मंद झाली, पाणी निवळावं तशी. सहाव्याला कडेने एक बारीक वलय उठलं. सातव्याला सहाही जणांनी एकदम छाती भरून घेतली आणि वाटीच्या काठावरून डोकं वर काढलं. घर चॉकलेटच्या वासाने असं भरलं की भिंती थोड्या मागे सरकल्यासारख्या वाटल्या. मध्यभागी, रुपयाएवढी जागा अजून थरथरत होती. झोपलेल्या बाळाच्या टाळूसारखी. मी बावन्न वर्षं जगलो, हजारो वस्तू तोलल्या, पण एखादी वस्तू होताना मी कधी बघितली नव्हती.

"काय हो हे," सेक्रेटरीसाहेब पुटपुटले. त्यांचे हात अजून मांडीखालीच होते.

नवव्या मिनिटाला दिवा गेला. ओव्हन गेला, पंखा गेला, जिन्यातलं सगळं गेलं.

"पंप बंद आहे ना?" मी विचारलं.

"पंप बंद आहे," सेक्रेटरीसाहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "माझा गीझर चालू आहे."

आम्ही त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर त्यांनी इमारतीत कुणालाही अर्जात खोडाखोड केली म्हणून परत पाठवलेलं नाही. खटका आपला टिकटिकत होता. आग गेल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं. त्याच्या टिंगला आता काही अर्थ उरला नव्हता. मी दाराच्या मुठीकडे हात नेला.

"उघडू नको," बॉयलरकाका म्हणाले. चाळीस वर्षांचा अधिकार त्यांच्या आवाजात होता. "आग गेली म्हणजे ऊब जात नाही लगेच. लोखंड आठवण धरून ठेवतं. आत काम चालूच आहे."

"पण कधी काढायचं?" बायकोने विचारलं.

काकांनी खांदे उडवले. माझ्याकडे काटा नव्हता, माप नव्हतं. सेक्रेटरीसाहेबांनी तेव्हा टेबलावर विचारलेला प्रश्न आता त्यांच्यासकट आम्हा सगळ्यांच्या तोंडावर होता. झाला, हे कोण ठरवणार?

मागून चप्पल वाजली. अक्का आमच्या खुर्च्यांमधून पुढे आली. लेकीच्या हातातला फोन घेऊन तिने त्याचा उजेड काचेवर धरला आणि वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटून वास घेतला.

"आता काढ, धाकट्या."

"अक्का, अजून दोन मिनिटं…" हे मी एकटा म्हणालो नाही. आम्ही चौघे एकदमच म्हणालो, एखाद्या शाळेने प्रार्थना म्हणावी तसे.

"नाही," अक्का म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "दोन मिनिटं नाही. आता."

मी काढला.

वाटी बशीत उलटी केली. मनात साठ मोजले, एकही जास्त नाही. वाटी उचलली तेव्हा एक बारीकसा सुस्कारा ऐकू आला. केकचा की माझा, सांगता येत नाही. तो बशीत उभा होता, शहाण्यासारखा, कोरडा, वरून बारीक भेगाळलेला. मी बशी आणि चमचा अक्काच्या हातात दिला.

तिने कड मोडली.

ते आलं. सावकाश, जाड, चमकत, स्वतःच्या वाफेसकट आलं, बशीच्या उतारावर क्षणभर थबकलं आणि मग कडेपर्यंत गेलं. खिडकीतून आलेलं चारचं ऊन त्याच्यावर पडलं होतं. लेकीच्या फोनमध्ये सात वेळा पाहिलेलं तेच होतं, आणि तरी ते आम्हाला कुणीही कधी सांगितलेलं नव्हतं असं होतं.

अक्का चमचा धरून उभी होती.

"वरूनी दिसे शहाणा, कसा कोरडा कोरडा," ती म्हणाली, आणि थांबली. यावेळी पुढे, असं कुणी म्हणालं नाही. मी मोजलंही नाही.

"हात लावा जरासाच, आत वाट पाहे ओढा."

एवढं म्हणून ती खाली बसली, बायकोने सोडलेल्या खुर्चीत, बशी मांडीवर घेऊन, आणि आठ महिन्यांचं सगळं एकदम आलं. बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडता रडता अक्का केक खात होती. मधेच म्हणाली, "यांना फार आवडला असता. कागदाआड खाल्ला असता मेल्याने," आणि हसली, आणि पुन्हा रडली.

आम्ही उरलेले पाच केक उभ्याउभ्या खाल्ले. सेक्रेटरीसाहेबांनी बशी बोटाने पुसली. मग खिशातून माझा अर्ज काढला, पेन उघडलं आणि खालच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'उपकरणाचा हेतू केक. परिणाम, वाहिला.' खाली सही केली आणि गीझर बंद करायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो. स्कूटरला किक मारली. एरवी चार घेणारी ती गाडी त्या दिवशी दुसऱ्याच लाथेला सुरू झाली. आणि वरून, गॅलरीतून, आवाज आला. सगळ्या आळीला ऐकू जाईल असा.

"धाकटा मापतो जग, शिक्का मारी ज्याला त्याला…"

खिडक्या उघडल्या. शिवणकामवाल्या बाई कात्री घेऊन बाहेर आल्या. अक्का वर कठड्यावर ओठंगून, आकाशाकडे बघत, पुढचं शोधत होती. ओळ अर्धी होती. गाडी चालू ठेवली असती तर निघावं लागलं असतं.

मी गाडी बंद केली. पुन्हा किक मारली. ती सुरू झाली. मी पुन्हा बंद केली. बॉयलरकाका त्यांच्या दारातून म्हणाले, "दाब कमी आहे का?" मी मान हलवली आणि आणखी एक लाथ मारली. घाम फुटला. तेवढ्यात वरून आलं,

"बारा मिनिटांचा केक, तीन रविवारी झाला."

आळी हसली. माझा पुन्हा एकदा सर्वांदेखत अपमान झाला, आणि मी असा आनंदाने निघालो की तिठ्यापर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच होतो.

कचेरीत वेळेवर पोचलो. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. इतकी वर्षं ती दहा मिनिटं आम्ही कशासाठी साठवत होतो, ते मला त्या दिवशी कळलं.